मृत्यूनंतरची सोय आहे, विस्मरणाची नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात मृत्युपत्र, नॉमिनेशन आणि वारसाहक्क यांविषयी वाचकांची पत्रे अधूनमधून येतात आणि सगळे आयुष्य बँकेत गेल्यामुळे मी ती कात्रणे काढून ठेवण्याइतक्या आवडीने वाचते. त्या पत्रांत एक गोष्ट सर्रास गृहीत धरलेली दिसते. घरातला कर्ता माणूस एक तर शुद्धीत असून स्वतः सही करू शकतो, किंवा तो वारला आहे आणि त्याच्या माघारी वाटण्या व्हायच्या आहेत. प्रत्यक्षात या दोन अवस्थांच्या मधे पाच, आठ, कधी बारा वर्षे जातात. माणूस जेवतो, गॅलरीत बसतो, नातवंडाला पाहून हसतोही; पण आपण कशावर सही करत आहोत हे त्याला कळत नाही. या वर्षांसाठी आपल्या कायद्यात काय आहे याचा शोध मला स्वतःच्या घरात घ्यावा लागला, आणि जे हाती आले ते इतरांच्या कामी यावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते लांबले आहे, तरी काटछाट करताना कलमांचे आकडे तेवढे ठेवावेत, ही विनंती.

मी एका राष्ट्रीयीकृत बँकेतून चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त झाले. माझे पती रेल्वेच्या परळ वर्कशॉपमध्ये होते. आज त्यांचे वय ७९ आहे. आम्ही मुलुंड पूर्वेला एका जुन्या सोसायटीत राहतो, घर त्यांच्या नावावर आहे आणि शेअर सर्टिफिकेटवर माझे नाव सहयोगी सभासद म्हणून आहे. २०१६ साली, ते पूर्ण ठणठणीत असताना, आम्ही दोघांनी एकमेकांच्या नावे कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार देणारे पत्र, करून ते रीतसर नोंदवले. त्या वर्षी आमच्या इमारतीत ती एक लाटच आली होती. एकाने केले म्हणून दुसऱ्याने केले. कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून मी लॉकरच्या किल्लीशेजारी ठेवला आणि म्हातारपणाची एक चिंता मिटली असे समजले. २०२१ मध्ये डॉक्टरांनी पतींना स्मृतिभ्रंश झाल्याचे निदान केले, तेव्हाही ‘मुखत्यारपत्र आहे ना, मग काय,’ असे मी मुलांना म्हटल्याचे मला चांगले आठवते.

मग इमारत पुनर्विकासाला गेली. पर्यायी घराचा करार प्रत्येक सभासदाला दुय्यम निबंधकाकडे जाऊन स्वतंत्रपणे नोंदवावा लागतो. तिथल्या टेबलावर एक छोटा कॅमेरा असतो आणि अंगठा ठेवायचे काळे यंत्र. विकासकाच्या माणसाने सुचवल्यावरून आम्ही ह्यांनाच घेऊन गेलो होतो; स्वच्छ शर्ट, पावडर, हातात काठी. ते अगदी शांत बसले होते. कर्मचाऱ्याने अंगठा घेण्यापूर्वी सहज विचारले, ‘आजोबा, कशावर सही करताय माहीत आहे ना?’ त्यावर ह्यांनी तितक्याच सहजपणे उत्तर दिले, ‘मस्टरवर.’ कर्मचाऱ्याने यंत्र बाजूला सरकवले आणि साहेबांना बोलावले. त्या दिवशी नोंदणी झाली नाही.

मी तेव्हा चिडले होते, पण त्या कार्यालयाने केले ते योग्यच होते. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ३५ नुसार दस्त करून देणारी व्यक्ती अज्ञान (कायद्याने सज्ञान न झालेली) आहे किंवा मनाने सक्षम नाही असे नोंदणी अधिकाऱ्याला दिसले, तर त्याने नोंदणी नाकारलीच पाहिजे. भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम १२ सांगते की करार करताना माणसाला तो करार समजला पाहिजे आणि त्याचा आपल्या हितावर काय परिणाम होईल याचा विवेकाने विचार करता आला पाहिजे. मस्टरवर सही करायला आलेल्या माणसाकडून घराचा करार करून घेणे कोणत्याही कायद्यात बसणारे नव्हते.

घरी येऊन मी लॉकरशेजारचे ते पाकीट काढले आणि वकिलांकडे गेले. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला आणि विचारले, ‘निदान कधी झाले?’ मी साल सांगितले. ‘मग हे तेव्हाच संपले,’ ते म्हणाले. करार अधिनियमाच्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणारा मरण पावला किंवा त्याचे मन अस्थिर झाले की मुखत्याराचा अधिकार संपतो. म्हणजे ज्या दिवसासाठी आपण हा कागद करून ठेवतो, नेमक्या त्याच दिवशी तो निरुपयोगी होतो. आपल्या परदेशी राहणाऱ्या मुलाने आईच्या नावे दिलेले मुखत्यारपत्र चालते, कारण मुलगा शुद्धीत आहे. आईने मुलाला ‘पुढे मला समजेनासे झाले तर’ म्हणून दिलेले मुखत्यारपत्र मात्र तिला समजेनासे झाल्याबरोबर पडते. हे बँकेत चौतीस वर्षे काढलेल्या बाईला माहीत असायला हवे होते, असे कोणी म्हणेल. मला ते नियम म्हणून माहीत होते. काउंटरच्या आतल्या बाजूने मी ते लोकांना सांगितलेही होते. आपल्या कपाटातल्या कागदाला तोच नियम लागतो हे मात्र कधी मनात आले नाही.

यातली एक विसंगती वाचकांच्या नजरेस आणावीशी वाटते. त्याच अधिनियमाचे पुढचे, २०२ वे कलम म्हणते की मुखत्याराचा स्वतःचाच त्या मालमत्तेत हितसंबंध असेल, तर त्याला बाधा येईल अशा रीतीने मुखत्यारी संपत नाही. कलमाखाली उदाहरणही दिले आहे: जमीन विकून त्यातून स्वतःचे कर्ज फेडून घेण्याचा अधिकार ज्याला दिला आहे, त्याचा तो अधिकार मालकाला वेड लागल्याने किंवा तो मेल्यानेही जात नाही. सावकाराची मुखत्यारी टिकते. बायकोची, जिला त्यात स्वतःचे काही घ्यायचे नाही आणि म्हणूनच तिला मुखत्यार नेमले आहे, तिची टिकत नाही. कलम २०९ तर तिच्यावर उलट कर्तव्यही टाकते, की मालक असा अक्षम झाला तर मुखत्याराने त्याच्या हिताच्या रक्षणासाठी वाजवी ती सर्व पावले उचलावीत. फक्त ती कोणत्या अधिकाराने उचलायची हे विचारू नये.

हा नियम आपण इंग्रजांकडून घेतला. त्यांच्याकडेही पूर्वी हेच होते. तिथे १९८५ मध्ये कायदा करून असे मुखत्यारपत्र आणले गेले जे देणाऱ्याची समज गेल्यावरही टिकते, आणि पुढे २००५ च्या मानसिक क्षमता कायद्याने, जो ऑक्टोबर २००७ पासून पूर्णपणे लागू झाला, त्याची जागा अधिक काटेकोर व्यवस्थेने घेतली. इंग्लंड आणि वेल्समध्ये आता दोन वेगळी पत्रे करता येतात, एक पैसा आणि मालमत्तेसाठी, दुसरे प्रकृती आणि देखभालीसाठी. ती सरकारी पालक कार्यालयात नोंदवल्याशिवाय वापरता येत नाहीत, आणि प्रकृतीविषयीचे पत्र तर माणसाला स्वतः निर्णय घेता येत नसेल तेव्हाच चालते. लेस्टरला असलेल्या माझ्या भाचीने सासूबाईंसाठी ही दोन्ही करून ठेवली आहेत. आपण मात्र १८७२ चे कलम तसेच ठेवले आहे. ज्यांच्याकडून घेतले त्यांनी दुरुस्त करून चाळीस वर्षे झाली.

आता दवाखान्याची गोष्ट. करार फसल्यानंतर दीड महिन्याने पती बाथरूममध्ये घसरले आणि मांडीचे हाड खुब्याशी मोडले. रुग्णालयात संमतिपत्रावर ‘नातेवाईकाची सही’ असे लिहिलेल्या रेघेवर मी सही केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शस्त्रक्रिया झाली. माझा अधिकार काय, मुलाचा काय, कोणी विचारले नाही. त्याच आठवड्यात बिलासाठी त्यांच्या एकट्याच्या नावावरची मुदत ठेव मोडायला मी बँकेत गेले, तर तिथे माझी सही चालली नाही. हाड कापायला चालली, ठेव मोडायला चालली नाही. बँकेतल्या त्या मुलीवर मी रागावले नाही, कारण मी तिच्या जागी बसलेली आहे. आजारी आणि वृद्ध खातेदारांसाठी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे, ती आम्ही नोकरीत पाळत असू: सही करता येत नसेल तर हाताचा किंवा पायाचा अंगठा घ्यावा, दोन स्वतंत्र साक्षीदार असावेत आणि त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा. मी स्वतः खातेदारांच्या घरी जाऊन पलंगाशेजारी बसून असे अंगठे घेतले आहेत. पण ती सोय हात चालत नसलेल्या माणसासाठी आहे. समज चालत नसलेल्या माणसाचा अंगठा घेणारा अधिकारी स्वतःच अडकतो.

आणि दवाखान्यात माझी सही चालली ती तरी कशाच्या आधारे? आपल्याकडे रुग्ण स्वतः संमती देऊ शकत नसेल तर त्याच्या वतीने कोणी द्यायची, पत्नीने आधी की मुलाने, याचा क्रम सर्वसाधारण उपचारांसाठी कोणत्याही केंद्रीय कायद्यात लिहिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या एका निकालात सांगितले आहे की संमती रुग्णाचीच हवी, आणि तातडी नसताना, रुग्ण केवळ भुलीखाली आहे म्हणून तिच्या आईकडून घेतलेली संमती पुरेशी नाही. ज्याला पुन्हा शुद्ध येणारच नाही त्याच्याबद्दल रुग्णालये प्रथेवर चालतात. घरात एकमत असेल तोवर प्रथा पुरते. दोन भाऊ आयसीयूच्या दाराशी वेगवेगळे बोलू लागले की ती पुरत नाही.

‘मानसिक आरोग्य कायदा आहे ना?’ असे मला अनेकांनी विचारले. आहे, आणि चांगला आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा २०१८ पासून लागू आहे. त्याच्या मनोविकाराच्या व्याख्येत स्मृती आणि स्थळकाळाचे भान बिघडणेही येते. त्याखाली कोणताही सज्ञान माणूस आपल्यावर मानसिक आजाराचे कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत हे आधी लिहून ठेवू शकतो, आणि साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकतो. पण हा प्रतिनिधी उपचारांपुरता आहे. तो बँकेत जाऊ शकत नाही, करार करू शकत नाही. गंमत म्हणजे, ज्या १९८७ च्या कायद्याच्या जागी हा आला, त्यात जिल्हा न्यायालयाने चौकशी करून मनोरुग्णाच्या मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमण्याचे एक अख्खे प्रकरण होते. जुना कायदा रद्द करताना ते प्रकरणही गेले आणि त्याच्या जागी काही आले नाही. रुग्णाच्या हक्कांसाठी झगडणाऱ्यांची जुन्या कायद्यावरची टीका मला मान्य आहे. रुग्णाच्या घरभाड्याचे आणि औषधांच्या बिलाचे काय करायचे, हे मात्र कोणी तरी लिहायला हवे होते.

उरलेल्या वाटा तुकड्यातुकड्यांच्या आहेत. १८९० चा पालक व पाल्य अधिनियम फक्त अज्ञान मुलांसाठी आहे. १९९९ चा राष्ट्रीय न्यास अधिनियम सज्ञान व्यक्तींसाठी पालक नेमू देतो, आणि ते काम जिल्हाधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती करते. त्यामुळे वकील, तारखा, कोर्ट फी यांचा फारसा प्रश्न येत नाही. परंतु तो स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांपुरता आहे. सत्तराव्या वर्षी स्मृती गेलेला किंवा पक्षाघाताने अंथरुणाला खिळून बोलणे आणि समजणे थांबलेला माणूस त्यात थेट बसत नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम १४ मध्ये मर्यादित पालकत्व आहे. त्यातली कल्पना मला फार आवडली: पालकाने एकट्याने ठरवायचे नाही, दोघांनी मिळून ठरवायचे, तेही विशिष्ट निर्णयापुरते आणि विशिष्ट काळापुरते. मात्र हे कलम काउंटरवरच्या माणसापर्यंत पोहोचलेले नाही. मी दोन ठिकाणी कलमाची प्रत नेऊन दाखवली. दोन्हीकडे ‘कोर्टाची ऑर्डर आणा’ हेच उत्तर मिळाले.

तेव्हा मुंबईकरांसाठी खात्रीची वाट उरते ती उच्च न्यायालयाची. जो स्वतःचे हित पाहू शकत नाही त्याचे हित पाहण्याचा न्यायालयाला अंगभूत अधिकार आहे, अशा भूमिकेतून मुंबई उच्च न्यायालयाने कोमातील किंवा समज गमावलेल्या व्यक्तींच्या पत्नीला, मुलांना पालक नेमल्याची उदाहरणे आहेत. २०२० साली कोमातील पतीसाठी पत्नीला असे पालकत्व दिले गेले. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अशा प्रकरणांसाठी मार्गदर्शक तत्त्वेच घालून दिली. आमचा अर्जही तसाच. मुलाने आणि मुलीने ना-हरकतीची प्रतिज्ञापत्रे दिली, सगळ्या ठेवींची आणि घराची यादी जोडली, सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांनी ह्यांना तपासून अहवाल दिला. तपासताना एका डॉक्टरांनी माझ्याकडे बोट दाखवून विचारले, ‘या कोण?’ ह्यांनी मला जरा न्याहाळले आणि म्हणाले, ‘बँकेतल्या बाई आहेत. चांगल्या आहेत.’ अहवालात ते वाक्य तसेच उतरले आहे.

अर्ज करण्यापासून आदेश हातात पडेपर्यंत आम्हाला नऊ महिने लागले. आमचे घर सोडून बाकी सगळ्यांचे करार झाले होते. जिन्यात भेटणारे लोक ‘काय झाले कोर्टात?’ असे विचारत, आणि ते विचारण्यात चौकशी किती आणि कुरकुर किती हे कळायला चौतीस वर्षांचे काउंटर लागत नाही. त्यांचेही बरोबर होते. एक गोष्ट मात्र मला उशिरा कळली, ती इथे सांगते: विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रियांना आणि दिव्यांग व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळू शकते. वकिलाच्या फीच्या भीतीने ज्या बाया अर्जच करत नाहीत त्यांनी आधी तिकडे जावे.

या दिरंगाईमुळे घरोघर ज्या पळवाटा काढल्या जातात त्यांच्याविषयी लिहिल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही. पहिली म्हणजे झोपेतल्या माणसाचा अंगठा. दुसरी, एटीएम कार्ड आणि मोबाइलवरचा ओटीपी. हयातीचा दाखला आता मोबाइलसमोर चेहरा धरून देता येतो. त्यात डोळ्यांची उघडझाप करावी लागते, आणि ती ह्यांच्याकडून करून घेताना आमचा एक तास गेला. हे वैध आहे, कारण माणूस हयात आहे एवढेच तिथे सिद्ध करायचे असते. पण तोच मोबाइल घेऊन त्यांच्या खात्यातून मी पैसे काढते तेव्हा मी नेमकी कोण असते? संयुक्त खात्यातून आमचा घरखर्च चालला तो बँकेला कोणी विचारले नाही आणि आम्ही सांगितले नाही म्हणून. निवृत्त बँक अधिकाऱ्याने हे लिहावे याची मला लाज वाटते, पण लाखो घरे याच मौनावर चालली आहेत.

तिसरी पळवाट बक्षीसपत्राची. महाराष्ट्रात राहते घर पती-पत्नी, मुलगा-मुलगी किंवा नातवंडांना बक्षीस दिले तर मुद्रांक शुल्क दोनशे रुपये आहे, त्यामुळे ‘आत्ताच मुलाच्या नावावर करून टाका, नंतर कटकट नको’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. निदान झाल्यावर घाईघाईने केलेले बक्षीसपत्र पुढे दुसऱ्या भावंडाने आव्हान दिले की टिकवणे अवघड जाते, आणि निदानापूर्वी केले तर म्हातारपणी घर आपले राहत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे कलम २३ असे सांगते की देखभालीच्या अटीवर दिलेली मालमत्ता, देखभाल न झाल्यास, न्यायाधिकरणाकडून रद्द करून घेता येते. पण त्यासाठी ती अट असावी लागते. २०२२ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने तसे स्पष्ट केले आणि २०२५ च्या जानेवारीत दुसऱ्या निकालात कलमाचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावावा असे म्हटले. करायचेच असेल तर अट दस्तात स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावी. आणि ज्याला स्वतःच्या देखभालीची मागणीच करता येणार नाही, त्याच्या वतीने न्यायाधिकरणाकडे जाणार कोण, हाही विचार करावा.

या सगळ्यात एक चूक मात्र कायद्याची नव्हे, आपली आहे. निदानाचा कागद हाती आला की घरातले लोक त्या माणसाला कशातच विचारेनासे होतात. कायदा असे मानत नाही. २०१७ चा अधिनियम म्हणतो की माहिती समजणे, निर्णयाचा परिणाम कळणे आणि तो निर्णय बोलून, खुणेने किंवा अन्य रीतीने सांगता येणे, यावर क्षमता ठरते. निर्णय इतरांना चुकीचा वाटला एवढ्याने माणूस अक्षम ठरत नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ चे कलम ५९ तर स्पष्टच सांगते की एरवी मन स्थिर नसलेला माणूसही मन स्थिर असलेल्या अवधीत मृत्युपत्र करू शकतो. त्याला दोन साक्षीदार लागतात, नोंदणीची सक्ती नाही, मुद्रांक लागत नाही. डॉक्टरांचे प्रमाणपत्र कायद्याने आवश्यक नाही, पण त्याच दिवशीचे घेऊन ठेवले तर पुढे उपयोगी पडते. आमच्या ह्यांना वार सांगता येत नव्हता त्या काळातही घर मुलगा आणि मुलगी दोघांत समान जावे हे ते न अडखळता सांगत, आणि २०१४ साली केलेल्या मृत्युपत्रातही तेच आहे. नव्या इमारतीत हॉल कोणत्या दिशेला असावा हेही त्यांनी नकाशावर बोट ठेवून दाखवले होते: ‘गाडी दिसली पाहिजे.’ रेल्वेचा माणूस. कराराचा अर्थ त्यांना कळत नव्हता, पण खिडकीचा कळत होता, आणि आम्ही ती बाजू मागून घेतली.

मृत्युपत्र मेल्यानंतर बोलू लागते, नॉमिनेशनही. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी ठेवता येतात. चौघांपैकी एकालाही खातेदार जिवंत असेपर्यंत त्या खात्यातून औषधाची गोळी विकत घेता येत नाही.

उपचार थांबवण्याच्या बाबतीत मात्र न्यायालयाने वाट करून दिली आहे, आणि तिची सुरुवात आमच्या परळमधूनच झाली. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ साली हल्ला झाला आणि पुढची बेचाळीस वर्षे, २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत, तिथल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळले. त्यांच्यासाठी केलेला अर्ज सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळला, पण उपचार थांबवण्याचा मार्ग त्याच निकालाने प्रथम मान्य केला. ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने आगाऊ वैद्यकीय निर्देश, ज्याला लोक लिव्हिंग विल म्हणतात, वैध ठरवला. त्यातली न्यायदंडाधिकाऱ्यासमोर सही करण्याची जाचक अट जानेवारी २०२३ मध्ये काढली गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो, प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची असते, आणि मुंबईत महापालिकेने यासाठी वॉर्डातले आरोग्य अधिकारी नेमले आहेत. वेळ आल्यावर निर्णय दोन वैद्यकीय मंडळे तपासतात. त्या निर्देशात आपल्या वतीने बोलणाऱ्या पालकांची किंवा जवळच्या नातेवाइकांची नावेही लिहिता येतात. मी माझा केला आहे. ह्यांचा करता येत नाही. त्याची वेळ गेली.

एवढे असताना मागणी काय, तर फार मोठी नाही. व्हेंटिलेटर काढायचा की नाही हे ज्या कागदावर आधी लिहून ठेवता येते, त्याच नोटरीसमोर आणि तितक्याच साक्षीदारांसमोर, माझी समज गेल्यावर माझी ठेव कोणी मोडावी हे लिहून ठेवण्याची मुभा हवी. संसदेने कलम २०१ मध्ये एक परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारे वाक्य, घातले तरी पुरेल. तोवर निदान राष्ट्रीय न्यासाच्या स्थानिक समित्यांच्या कक्षेत स्मृतिभ्रंश आणि पक्षाघात आणावेत, म्हणजे उपनगरातल्या माणसाला फोर्टमधल्या उच्च न्यायालयाऐवजी वांद्र्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात जाता येईल. गैरवापराची भीती मला माहीत आहे. मुंबईत घराच्या किमती पाहता ती नसती तरच नवल. म्हणूनच असे पत्र नोंदलेले असावे, ते लागू होण्यापूर्वी दोन डॉक्टरांनी क्षमता गेल्याचे लिहून द्यावे, राहते घर विकायला वेगळी परवानगी लागावी आणि वर्षाचा हिशेब कोणाला तरी दाखवावा लागावा. आमच्या आदेशातही हिशेबाची अट आहे. ती मला जाचक वाटत नाही. औषधाच्या प्रत्येक पावतीवर मी तारीख घालून ठेवते.

करार गेल्या महिन्यात नोंदला गेला. त्याच टेबलावर, त्याच काळ्या यंत्रावर या वेळी माझा अंगठा घेतला, ‘तर्फे पालक’ म्हणून. ह्यांना नेले नव्हते. २०१६ साली मी त्यांच्या नावे केलेले मुखत्यारपत्र अजून त्या पाकिटात आहे. आता ते मुलीच्या नावे नव्याने करावे का, असे मी वकिलांना विचारले. करा, ते म्हणाले, तुम्हाला समजते आहे तोवर उपयोगी पडेल.

आपली,
एक निवृत्त बँक अधिकारी
मुलुंड (पूर्व), मुंबई
(नाव व पत्ता संपादकांच्या माहितीसाठी सोबत दिला आहे.)